पुन्हा बोलावता येणारा योगायोग : सॉफ्टवेअर-चाचणीतील यादृच्छिक डेटाचा इतिहास

१/२४
१९८८ च्या शरद ऋतूतील एक वादळी रात्र. स्थळ : अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातील मॅडिसन शहर. तेथील विद्यापीठात संगणकशास्त्र शिकवणारे प्राध्यापक बार्टन मिलर टेलिफोनच्या तारेवरून विद्यापीठातील आपल्या युनिक्स संगणकाशी जोडले गेले होते. पावसामुळे तारेवर खरखर उमटत होती आणि त्यांनी टंकलेल्या आज्ञांमध्ये भलतीच अक्षरे घुसत होती.

२/२४
अक्षरे बिघडली याचे मिलर यांना फारसे नवल वाटले नाही. पावसात फोनची तार खरखरणे त्या काळी नित्याचेच होते. नवल वाटले ते निराळ्याच गोष्टीचे. रोजच्या वापरातले, वर्षानुवर्षे भरवशाचे मानले गेलेले प्रोग्राम ती चार-दोन भलती अक्षरे मिळताच कोलमडून पडत होते. आज्ञा कळली नाही एवढे सांगून थांबणे त्यांना जमायला हवे होते. ते जमत नव्हते.

३/२४
प्रोग्राम लिहिणारा माणूसच जेव्हा त्याची परीक्षा घेतो, तेव्हा प्रश्नपत्रिकेत त्याला सुचलेलेच प्रश्न असतात. न सुचलेला प्रश्न विचारायला योगायोग लागतो. त्या रात्री तो प्रश्न पावसाने विचारला. परंतु दोष शोधून दुरुस्त करायचा, तर तीच अक्षरे त्याच क्रमाने पुन्हा मिळायला हवीत, आणि पाऊस काही पुन्हा तसाच पडत नाही. योगायोग तर हवा, पण हाक मारली की तो परतही यायला हवा. या दुहेरी मागणीची कथा संगणकाहूनही जुनी आहे.

४/२४
१९०८. डब्लिनच्या गिनेस मद्यनिर्मितीगृहात नोकरी करणारे विल्यम गॉसेट 'स्टुडंट' या टोपणनावाने संख्याशास्त्रावर लेख लिहीत. लहान नमुन्यांविषयीचे आपले सूत्र पडताळण्यासाठी त्यांनी ३,००० गुन्हेगारांची उंची आणि डाव्या हाताच्या मधल्या बोटाची लांबी ३,००० पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर लिहिली, तुकडे नीट मिसळले आणि चार-चारचे ७५० गट केले. सूत्राची परीक्षा घेण्यासाठी मुद्दाम घडवून आणलेला हा योगायोग होता.

५/२४
चिठ्ठ्या पिसणे कष्टाचे, शिवाय त्या खरोखर मिसळल्या की नाही ही शंका कायमची. १९२७ मध्ये एल. एच. सी. टिपेट यांनी जनगणनेच्या अहवालांमधून ४१,६०० अंक उचलून त्यांचा तक्ता प्रसिद्ध केला. या छापील तक्त्यात एक गुण आपसूक आला. अमुक पान, अमुक ओळ असे सांगितले की जगाच्या दुसऱ्या टोकावरील संशोधकालाही हुबेहूब तेच अंक मिळत. योगायोगाला प्रथमच पत्ता मिळाला होता.

६/२४
दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेच्या रँड संस्थेने याच कामासाठी 'इलेक्ट्रॉनिक रूलेट' म्हणावे असे यंत्र उभारले. १९४७ पासून त्यातून निघालेले अंक २०,००० पंचकार्डांवर उतरले. प्रत्येक कार्डावर ५० अंक, म्हणजे एकूण १० लाख. यंत्र वरकरणी ठीक दिसत होते, तरी तपासणीत अंकांमध्ये कल आढळला. मग प्रत्येक अंकात आधीच्या कार्डावरील त्याच जागेचा अंक मिळवून, हातचा सोडून, तो कल पुसावा लागला. १९५५ मध्ये हे १० लाख अंक पुस्तकरूपाने बाजारात आले.

७/२४
तोवर एनिॲकसारखे संगणक अणुभौतिकीची गणिते करू लागले होते आणि 'माँटे कार्लो' पद्धतीला यादृच्छिक अंकांचा अखंड पुरवठा लागत होता. मग खऱ्या योगायोगाचे यंत्रच संगणकाला का जोडू नये? जॉन व्हॉन नॉयमन यांनी १९४९ च्या परिषदेत यावर घेतलेली हरकत व्यवहारी होती. गणित चुकल्याची शंका आली तर ते पुन्हा करून पाहावे लागते. आणि यंत्रातून दुसऱ्या वेळी वेगळेच अंक आले, तर पडताळणी करायची कशाची?

८/२४
त्यांचा उपाय साधा होता. एक संख्या घ्यावी, तिचा वर्ग करावा आणि मधले अंक उचलावेत. १२३४ चा वर्ग ०१५२२७५६. मधले चार अंक ५२२७. त्याचा वर्ग २७३२१५२९. मधले अंक ३२१५. त्यातून पुढे ३३६२. पाहणाऱ्याला हे अंक विस्कळीत भासतात, पण आरंभीचा १२३४ ठाऊक असला की सारी मालिका जशीच्या तशी पुन्हा उभी राहते. या आरंभसंख्येला आज 'सीड', म्हणजे बीज, म्हणतात. टिपेटच्या तक्त्यातील पान आणि ओळ आता एका संख्येत मावली.

९/२४
या पद्धतीचे वैगुण्य तिच्या जनकालाही ठाऊक होते. अंकगणितातून यादृच्छिकता काढू पाहणारा पापीच, असे ते विनोदाने म्हणत. २१०० हे बीज घेतले तर ४१००, ८१००, ६१०० आणि पुन्हा २१०० असा चार पावलांचा घाणा सुरू होतो. १९४९ मध्येच डी. एच. लेमर यांनी अधिक भक्कम वाट दाखवली. दर वेळी ठरावीक संख्येने गुणायचे, ठरावीक संख्येने भागायचे आणि बाकी ठेवायची. पुढील कित्येक दशके बहुतेक संगणकांवर हीच रीत नांदली.

१०/२४
मात्र गुणक चुकीचा निवडला की भक्कम वाटही फसवते. १९६० च्या दशकात आयबीएमच्या संगणकांसोबत 'रँडू' नावाचा जनक सर्वदूर पसरला. १९६८ मध्ये जॉर्ज मार्साग्लिया यांनी दाखवून दिले की अशा जनकांचे बिंदू अवकाशात विखुरत नाहीत, ते मोजक्या प्रतलांवर रांगा लावतात. रँडूच्या अंकांचे त्रिकूट करून बिंदू मांडले तर ते सारे १५ प्रतलांवर बसतात. चाचणीच्या दृष्टीने याचा अर्थ गंभीर आहे. प्रतलांमधल्या मोकळ्या जागेत दडलेला दोष कितीही चाचण्या केल्या तरी सापडणार नाही.

११/२४
प्रोग्रामच्या परीक्षेसाठी हे अंक कोणी वापरले? जेराल्ड वाइनबर्ग यांनी १९५० च्या दशकातील आठवण पुढे नोंदवून ठेवली आहे. कचऱ्याच्या टोपलीतून उचललेले पंचकार्डांचे गठ्ठे आणि यादृच्छिक अंकांची कार्डे नव्या प्रोग्रामला भरवण्याची त्या काळी रीतच होती. दुसऱ्याच कुणाच्या तरी हिशेबाची टाकाऊ कार्डे पोटात गेली की प्रोग्रामचे कच्चे दुवे उघडे पडत. या रीतीला तेव्हा शास्त्रीय नाव नव्हते. पण त्या पिढीतील प्रोग्रामरांना ती चांगलीच परिचयाची होती.

१२/२४
निव्वळ कचऱ्याला एक मर्यादा असते : काही प्रोग्राम तो दारातूनच परत पाठवतात. संगणकीय भाषेचा कंपायलर घ्या. व्याकरण चुकले की तो पहिल्याच ओळीवर थांबतो, आतल्या खोल्यांची परीक्षा होतच नाही. १९७० मध्ये आयबीएमच्या के. व्ही. हॅनफर्ड यांनी पीएल/वन भाषेचे व्याकरण यंत्राला शिकवून, व्याकरणशुद्ध पण अर्थाने यदृच्छ अशा प्रोग्रामांची निर्मिती करवली. पाहुणा वेषभूषेने सभ्य आणि बोलण्यात अनपेक्षित असला की तो दिवाणखान्यापर्यंत पोहोचतो, हे तत्त्व चाचणीत रुजले.

१३/२४
तरीही विद्वानांचे मत अनुकूल नव्हते. ग्लेनफर्ड मायर्स यांच्या १९७९ च्या चाचणीविषयक ग्रंथाने यादृच्छिक चाचणीला सर्वांत निकृष्ट पद्धतींमध्ये बसवले. प्रत्युत्तर प्रयोगाने मिळाले. जो ड्युरन आणि सिमिऑन न्टाफोस यांनी ही पद्धत आखीव-रेखीव पद्धतींसमोर ठेवून पाहिली आणि १९८४ च्या शोधनिबंधात निष्कर्ष मांडला की खर्चाच्या मानाने ती बरीच उपयुक्त ठरू शकते. यदृच्छ चाचण्या स्वस्तात हजारोंनी करता येतात. नेमकी, विचारपूर्वक रचलेली एकेक चाचणी मात्र माणसाचा वेळ खाते.

१४/२४
त्याच सुमारास कॅलिफोर्नियात एक माकड कामाला लागले होते. १९८३. ॲपलचा मॅकिंतॉश बाजारात यायचा होता. त्याची स्मृती अवघी १२८ किलोबाइट. ती तुडुंब भरली की प्रोग्राम कसे वागतील याची धास्ती होती. स्टीव्ह कॅप्स यांनी 'मंकी' नावाचा छोटा प्रोग्राम लिहिला. तो कुठेही क्लिक करी, काहीही टंके, कोणताही मेनू उघडी. अडचण एकच : माकड अनेकदा 'बंद करा' हाच पर्याय निवडून मोकळे होई. मग माकड काम करीत असल्याची एक खूण संगणकाच्या स्मृतीत ठेवण्यात आली, म्हणजे ती खूण दिसत असेपर्यंत प्रोग्राम बंद व्हायचे नाहीत.

१५/२४
आता पुन्हा मॅडिसन. त्या वादळी रात्रीनंतर मिलर यांनी आपल्या पदव्युत्तर वर्गाला प्रकल्प दिला. यदृच्छ अक्षरांचा पाऊस पाडणारा प्रोग्राम लिहा आणि युनिक्सच्या नेहमीच्या प्रोग्रामांवर तो सोडा. त्याचे नाव 'फझ'. या कृत्रिम पावसात एक मोठी सोय होती : पडलेला प्रत्येक थेंब फाइलमध्ये नोंदवून ठेवता येई आणि तोच पाऊस पुन्हा पाडता येई. प्रोग्राम कोसळला की विद्यार्थी तीच अक्षरे पुन्हा देत आणि नेमकी कोणती ओळ चुकली, तिथवर पोहोचत.

१६/२४
डिसेंबर १९९० मध्ये मिलर, लार्स फ्रेड्रिक्सन आणि ब्रायन सो यांचा निबंध प्रसिद्ध झाला. युनिक्सच्या ज्या ज्या आवृत्तीवर प्रयोग झाला, तिच्यातील २५ ते ३३ टक्के प्रोग्राम एक तर कोसळले किंवा गोठून बसले. कारणे अगदी साधी निघाली. कुठे मजकूर किती लांब असावा याची मर्यादाच तपासलेली नाही, तर कुठे हाती आलेले उत्तर न पाहताच प्रोग्राम पुढे गेलेला. लिहिणाऱ्यांना हे नियम ठाऊक होते. असे कुणी काही पाठवील, हे मात्र त्यांच्या ध्यानी आले नव्हते.

१७/२४
हे केवळ वर्गातले कुतूहल नव्हते, हे त्याच मोसमात सिद्ध झाले. २ नोव्हेंबर १९८८ च्या रात्री 'मॉरिस वर्म' इंटरनेटवर सुटला आणि हजारो संगणक ठप्प झाले. त्याच्या शिरकावाची एक वाट 'फिंगर' सेवेतून जात होती. आलेल्या मजकुराची लांबी न तपासणारी एक आज्ञा तिथे वापरलेली होती, आणि याच जातीचे दोष फझच्या पावसातही वर येत होते. ज्या फटीतून खरखर शिरते, तिच्यातून हल्लेखोरही शिरतो.

१८/२४
कोसळणे नजरेस पडते. शांतपणे दिलेले चुकीचे उत्तर पडत नाही. २००० मध्ये स्वीडनच्या चाल्मर्स विद्यापीठातील कून क्लासेन आणि जॉन ह्यूज यांनी हॅस्केल भाषेसाठी 'क्विकचेक' हे साधन मांडले. त्यात चाचणी करणारा उदाहरणे लिहीत नाही, नियम लिहितो. यादी दोनदा उलटी केली की मूळ यादी मिळाली पाहिजे, हा असाच एक नियम. साधन स्वतःच शंभर यदृच्छ याद्या रचून तो तपासते. नियम मोडला तर सापडलेले अगडबंब उदाहरण कापत कापत लहानात लहान करून दाखवण्याची सोयही पुढे आली.

१९/२४
एप्रिल २०१४ मध्ये 'हार्टब्लीड' दोष जगासमोर आला. इंटरनेटवरील गुप्त संवाद सांभाळणाऱ्या ओपनएसएसएलमध्ये तो दोन वर्षे दडून होता. पाठवणाऱ्याने मजकुराची लांबी खोटी सांगितली, तर संगणक स्वतःच्या स्मृतीतील ६४ किलोबाइटपर्यंतचा ऐवज उघडा करून देई. तो गूगलमधील आणि फिनलंडच्या कोडेनॉमिकॉनमधील संशोधकांना स्वतंत्रपणे सापडला. यांतील कोडेनॉमिकॉनचा व्यवसायच फझिंगची साधने बनवण्याचा. त्याच सुमारास मिखाउ झालेव्स्की यांचे 'एएफएल' हे साधन गाजत होते. ते यदृच्छ बदल करी आणि प्रोग्रामच्या आत नवी वाट उघडणारा प्रत्येक बदल जपून ठेवी.

२०/२४
आतापर्यंत अंक यदृच्छ असले की भागत होते. विद्यागारांच्या, म्हणजे डेटाबेसच्या युगात दुसरी अट आली : डेटा एकमेवही हवा. दोन ग्राहकांचा ईमेल सारखा चालत नाही. इथे अंतर्ज्ञान दगा देते. यदृच्छ निवड म्हणजे पुनरावृत्ती टळेल असे मुळीच नाही. २३ माणसांच्या घोळक्यात दोघांची जन्मतारीख जुळण्याची शक्यता निम्म्याहून अधिक असते. चाचणीतील नावांना चार अंकी यदृच्छ शेपूट जोडले, तर शक्य शेपटे १०,०००; पण सुमारे १२० नोंदींतच दोन शेपटे जुळण्याची शक्यता निम्म्यावर जाते. चाचणी आज यशस्वी, उद्या अयशस्वी, आणि प्रोग्राम मात्र निर्दोष.

२१/२४
उपाय तीन. पहिला : दिलेली मूल्ये लक्षात ठेवायची आणि जुळले तर पुन्हा काढायचे. खोटी नावे-पत्ते रचणारे पायथनमधील 'फेकर' हेच करते आणि १,००० प्रयत्न फसले की हात टेकते. दुसरा : मैदानच अफाट घ्यायचे. यूयूआयडीच्या चौथ्या प्रकारात १२२ यदृच्छ बिट असतात. जुळणीची शक्यता निम्म्यावर यायला २७ वर १७ शून्ये इतक्या संख्या लागतात. तिसरा सर्वांत देखणा : लेमर यांच्या रीतीत दर वेळी एक ठरावीक संख्या मिळवली आणि हल व डोबेल यांच्या १९६२ च्या अटी पाळल्या, तर प्रत्येक संख्या एका फेरीत नेमकी एकदाच येते. विस्कळीत क्रम आणि पुनरावृत्ती शून्य.

२२/२४
एकमेवपणाची आणखी एक बाजू आहे : रचलेला डेटा कुणा खऱ्या माणसाचा निघू नये. १९३८ मध्ये अमेरिकेतील पाकिटे बनवणाऱ्या एका कंपनीने, सामाजिक सुरक्षेचे नवे कार्ड पाकिटात कसे बसते हे दाखवण्यासाठी प्रत्येक पाकिटात नमुन्याचे कार्ड घातले. त्यावर क्रमांक छापला तो कार्यालयातील एका सचिव महिलेचा, खराखुरा. 'नमुना' असे लिहिलेले असूनही ग्राहक तो आपलाच समजले. १९४३ मध्ये ५,७५५ लोक तो वापरत होते; कालांतराने ही संख्या ४०,००० च्या पुढे गेली. अखेर तो क्रमांक रद्द करून त्या महिलेला नवा द्यावा लागला.

२३/२४
या जातीच्या चुकांवर इंटरनेटच्या नियमकर्त्यांनी जून १९९९ मध्ये तोड काढली. 'एक्झाम्पल डॉट कॉम' सारखी काही नावे उदाहरणांसाठी आणि 'टेस्ट' हे अंत्यनाम चाचणीसाठी कायमचे राखून ठेवले. महाराष्ट्रापुरता या कथेचा धागा नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावात पोहोचतो. २९ सप्टेंबर २०१० रोजी तिथे पहिले आधार क्रमांक दिले गेले. १२ अंकांची यदृच्छ संख्या, प्रत्येकाची वेगळी, आणि शेवटचा अंक डच गणिती व्हेरहॉफ यांच्या रीतीने काढलेला पडताळणीचा. ज्या प्रणालीत असे क्रमांक भरले जातात, तिची चाचणी करणाऱ्याचा खोटा क्रमांक पडताळणीत टिकायला हवा आणि कुणा टेंभलीकराचा निघताही कामा नये.

२४/२४
गॉसेटचे पुठ्ठ्याचे तुकडे, टिपेटचे पान, नॉयमन यांचे बीज आणि फझची फाइल एकाच माळेतले मणी आहेत. आज एखाद्या कंपनीत रात्रीच्या चाचण्या लागतात आणि पहाटे तीनला एक चाचणी पडते. अहवालाच्या तळाशी एक संख्या छापलेली असते : त्या रात्रीचे बीज. सकाळी आलेला अभियंता ती संख्या परत भरतो, आणि तीच नावे, तेच आकडे, तोच बिघाड त्याच क्रमाने पुन्हा समोर उभा राहतो. ती संख्या नोंदलेली नसेल, तर त्याच्या हाती उरते ते मॅडिसनचे वादळ : सगळ्यांनी ऐकलेले, पण पुन्हा दाखवता न येणारे.